तहाची तसबीर

आमच्या दुकानात एक नियम होता. तसबिरीत देवाच्या पायाखाली अक्षर राहता कामा नये. मुंबईहून पत्र्याच्या नळकांड्यांतून चित्रं यायची. त्यांच्या खालच्या पांढऱ्या भागावर चित्राचं नाव, छापखान्याचं नाव असं काहीबाही छापलेलं असायचं. अप्पा काच कापायला घेण्याआधी पोलादी पट्टी लावून कागदाचा तेवढा भाग सरळ उडवायचे. अक्षर म्हणजे सरस्वती, तिला कुणाच्या पायाशी कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. कापलेले तुकडे जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, डब्यात टाकायचे, आणि डबा भरला की चुलीत घालायचे. केरात गेले तर पायदळी येणारच. शंकर-पार्वती असोत की लक्ष्मी असो, गिऱ्हाइकाला नाव वाचायची गरज नव्हती. तो देव ओळखूनच दुकानाची पायरी चढायचा. त्यामुळे या नियमानं कुणाचं कधी नुकसान झालं नाही. एकदा झालं.

दुकान मंगळवार पेठेत, रस्त्याला लागून होतं. मागे राहत्या खोल्या आणि परस. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरीला बसायची. तिच्या थापण्याचा आवाज आणि पलीकडच्या बोळातल्या तेलुगू विणकरांच्या मागांचा खटखट आवाज एकमेकांत मिसळून जायचे, आणि दोन्ही एकदम थांबले तर घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. बऱ्याच भाकऱ्या ती मुद्दाम पातळ करून चुलीच्या कडेला उभ्या करून कडक वाळवायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत दुकान मांडलं की त्या उपयोगी पडत. शेंगांची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. या सगळ्याच्या वासावर सरसाचा वास नेहमी वरचढ असायचा. चिकटवायचा सरस मंद शेगडीवर दिवसभर वितळत असे आणि त्याचा वास आमच्या केसांना, पातळांना, पुस्तकांना लागलेला असे. शाळेत मुली मला 'सरस आली' म्हणायच्या. घरात आम्ही कानडी आणि मराठी दोन्ही बोलत होतो. जेवायला बसताना कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण जे आधी तोंडात येईल त्या भाषेत.

अप्पा कमी बोलत. बोलायचं काम त्यांच्या धाकट्या भावाकडे होतं. कानडीत धाकट्या काकाला चिगप्पा म्हणतात, आम्हीही तेच म्हणत होतो. चौकटीच्या लाकडी पट्टीचे कोन अप्पा कापायचे, खिळे चिगप्पा ठोकायचे, आणि ठोकताना गिऱ्हाइकाला त्या देवाची एखादी कथा सांगायचे. कथा येत नसली तर रचायचे. अप्पांना ते आवडत नसे, पण गिऱ्हाईक कथा ऐकत थांबलं की एकाऐवजी दोन तसबिरी घेऊन जायचं, म्हणून ते काही बोलत नसत.

गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. अप्पा काचेसाठी गेले होते. काच मिळाली नाही, पण चित्रांची एक मोठी गुंडाळी त्यांच्या गळ्यात पडली. जाड, गुळगुळीत, उत्तम कागद. रंग असे की अप्पा बराच वेळ ती परसात उन्हात धरून बघत होते. चित्रं देवांची नव्हती. फार जुन्या काळचे, परमुलखातले राजे होते. एकात सिंहासनावरचा राजा आणि त्याच्यासमोर हात पसरून बोलणारे वकील. एकात हत्ती शत्रूच्या रांगेत घुसलेले. एकात नगर जळत होतं. एकात रंगीत पट्ट्यांच्या तंबूत काही बायका गुडघे टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर दोन पुरुष उभे होते. खाली नावं होती, पण ती इंग्रजीही नव्हती. मी मराठी शाळेच्या वरच्या वर्गात होते. इंग्रजी अक्षरं मला लागत होती, ती जोडून एकही ओळखीचा शब्द होईना. अप्पांनी नेहमीप्रमाणे पट्टी लावली. अव्वा म्हणाली, "अहो, हे देव न्हाईत. राहू द्या की खालचं." अप्पा म्हणाले, "राजाचे असले तरी पायच हायेत." तुकडे डब्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी चुलीत.

ती चित्रं विकली गेली नाहीत. गड्ड्यावर आमच्या कापडी पालापुढे माणसं उभी राहायची, बोट दाखवायची, "ह्यो कुठला देव म्हणायचा?" चिगप्पा सांगायचे, "देव न्हाई, जगज्जेता राजा." "काय पावतो का?" "पावत न्हाई." "मग घिऊन काय करू?" असं म्हणून माणूस मारुतीकडे वळायचा. लढाईच्या चित्रांना तर बायका हातही लावू देत नसत. घरात लढाई टांगली तर घरात लढाई होते, ही समजूत आमच्याकडे पक्की होती. शेवटी ती चित्रं आमच्याच मागच्या खोलीत आली. अप्पांनी ती उरल्यासुरल्या पट्ट्यांत बसवून भिंतीवर लावली. नावं नव्हती, म्हणून आम्ही दिली. वकिलांचं चित्र 'शिष्टाई', हत्तींचं 'हत्तीघोडा', जळणाऱ्या नगराचं 'होळी'. तंबूतल्या चित्रावर एकमत व्हायला वेळ लागला. कुणाच्याही हातात उपसलेली तलवार नव्हती. लाल झगा घातलेला एक उंच, देखणा पुरुष, त्याच्या शेजारी त्याच्याहून बुटका, साध्या पोशाखातला दुसरा. म्हातारी बाई उंच पुरुषाच्या पायाशी वाकलेली, तिच्यामागे एक तरुण बाई, आणि तरुण बाईच्या पदराला धरून एक लहान मूल. चिगप्पांनी निकाल दिला की लढाई संपून हा तह झाला आहे. म्हातारी ही मुलीची आई, ती व्याह्याच्या पाया पडून म्हणते आहे, माझी मुलगी तुमच्या पदरात घ्या. सगळ्यांना ते पटलं. 'तह' हेच नाव राहिलं.

माझी थोरली बहीण गौरव्वा अक्कलकोटला दिली होती. मी तिला अक्का म्हणत असे. सासरे बसलिंगप्पा, धान्याच्या अडतीचं दुकान, पैसाअडका बरा. सासू नव्हती. थोरला दीर इरप्पा दुकान बघायचा आणि त्याची बायको महादेवी घर. अक्काचा नवरा शिवरुद्र धाकटा. तो पोती मोजायचा आणि वडिलांनी हाक मारली की 'व्हय' म्हणायचा. याहून जास्त मी त्याला बोलताना ऐकलं नाही. अक्काला पहिला मुलगा झाला, मल्लू. दुसऱ्या बाळंतपणाला ती सोलापूरला आली ती मल्लूला बरोबर घेऊन. दुसरं मूल जगलं नाही. त्यानंतर तिला ताप यायला लागला, तो उतरायचा आणि परत यायचा. मल्लू चालायला आमच्याकडेच शिकला. तो सरसाच्या शेगडीपासून दूर राहावा म्हणून अव्वा त्याच्या कमरेला जुनं पातळ बांधून दुसरं टोक खांबाला बांधायची. तो भिंतीवरच्या हत्तीघोड्याकडे बघून "आनी, आनी" म्हणायचा. कानडीत हत्तीला आने म्हणतात.

दिवाळीला अक्कलकोटहून न्यायला माणूस आला. अक्का तापानं फणफणलेली. अप्पा म्हणाले, "ही उठत न्हाई, बघताय न्हवं. सण हाय, पोराला घिऊन जावा. ही बरी झाली की मीच आणून सोडतो." यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सणाला नातू आजोबाकडे असावा, इतकंच. अव्वानं मल्लूच्या डोळ्यांत काजळ घातलं, दृष्ट काढली. अक्का आतून म्हणाली, "रात्री उजव्या कुशीवर झोपवा, न्हाईतर रडतो." त्या माणसानं मान हलवली.

अक्का बरी झाल्यावर अप्पांनी निरोप धाडला की आणून सोडतो. उत्तर तोंडी आलं, तेही बाजारात आलेल्या एका गाडीवानाकडून. "बोलावलं तवा पाठवली न्हाई. आता पोर आमचं, ते आलं. बाई तुमची, ठिऊन घ्या." अप्पांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. गाडीवानानं पुन्हा तसंच म्हटलं, एक शब्द इकडेतिकडे न करता. आज मला त्या गाडीवानाचं कौतुक वाटतं. त्या वेळी अव्वानं त्याला पाणीही दिलं नाही.

मग घरात तो काळ आला ज्यात सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत आणि काहीच करू शकत नसत. कोर्टाचं नाव चिगप्पांनी एकदा काढलं. अप्पा म्हणाले, कोर्टात गेलं की सोयरीक संपली, आणि कायदा पोर बापाला देतो. पंचांपैकी एक आजारी, दुसरा बसलिंगप्पांचाच गिऱ्हाईक. अक्का परसात बसून शेंगा फोडायची. तिच्या हातातलं काम कधी थांबलं नाही, पण ती सालं आणि दाणे एकाच सुपात टाकायची आणि अव्वा नंतर गुपचूप निवडायची. सगळ्यांचा एक समज होता, आणि पुढे जे झालं ते त्या समजामुळे झालं. आम्ही धरून चाललो होतो की बसलिंगप्पांचा मान दुखावला आहे. दिवाळीला सून पाठवली नाही, चारचौघांत त्यांची मान खाली गेली. तेव्हा मान परत केला की झालं. चिगप्पा म्हणाले, "आपण जायचं. रिकाम्या हातानं न्हाई. पाया पडायचं, आणि अशी वस्तू द्यायची की ती त्यांच्या बैठकीत लागली पाहिजे." सगळ्यांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं.

'तह' खाली काढला गेला. अप्पांनी त्याची जुनी पट्टी मोडली आणि दुकानात होती नव्हती ती सर्वांत रुंद सोनेरी पट्टी घेतली. कोन कापून ते जुळवून बघताना ते डोळा मिटून एका डोळ्यानं बघायचे, त्या दिवशी किती वेळा बघितलं असेल सांगता येणार नाही. काच नवी, बुडबुडा नसलेली. ती खडूच्या भुकटीनं पुसायचं काम अक्कानं मागून घेतलं. काच पुसताना तिचं बोट एका ठिकाणी थांबलं. पदराला धरलेल्या त्या मुलाकडे बघून ती म्हणाली, "ह्याच्या पायात काहीच न्हाई, शांते." मी म्हणाले, "राजवाड्यात काटे नसतात." ती म्हणाली, "तंबू हाय हा."

लेक सासरी परत जाते तेव्हा तिच्याबरोबर धाकटी बहीण पाठराखीण म्हणून जाते, म्हणून मला नेलं. अक्काचं सामानही बरोबर घेतलं होतं. ती तिथे राहणार हे इतकं गृहीत होतं की अव्वानं तिची उशीसुद्धा बांधून दिली. आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. तसबीर पोत्यात गुंडाळून चिगप्पांनी मांडीवर घेतली होती. मोटारवाला म्हणाला, "कुठल्या देवाची स्वारी जायलीय?" चिगप्पा म्हणाले, "देव न्हाई, राजा हाय. राजाला तिकीट मागू नगंस." मोटारवाला हसला, आम्हीही हसलो. अक्काही हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं मला आठवतं. वाटेत ज्वारी हुरड्याला आली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला अप्पांचा हात आपोआप काचेकडे जात होता.

बसलिंगप्पांच्या बैठकीत पांढरी गादी, लोड, कोपऱ्यात तराजू. बसलिंगप्पा उंच, गोरे, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, अंगावर जरीकाठी उपरणं. इरप्पा दाराजवळ, भिंतीला टेकून बसलेला, खाकी कोटात. बाहेरून येणाऱ्याला तो मुनीम वाटला असता. मल्लू त्याच्या मांडीवर होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून दोन्ही हात इरप्पाच्या गळ्यात टाकले. अक्का पुढे होणार होती, ती उंबऱ्याशीच थांबली. महादेवी आतून आली. आम्हाला पाणी दिलं, गूळ आणि शेंगा दिल्या, आणि अक्काला म्हणाली, "बा, ये, आत बस." मल्लू महादेवीला बघून "अव्वा" म्हणाला. हे कुणी ऐकलं आणि कुणी नाही, मला माहीत नाही. मी ऐकलं. अक्का माझ्या शेजारी आतल्या उंबऱ्याजवळ बसली, तिथून बैठक दिसत होती.

आधी पाऊसपाणी झालं, ज्वारीचा भाव झाला, गड्ड्याची जत्रा झाली. मग अप्पा उठले आणि बसलिंगप्पांच्या पाया पडले. वयानं बसलिंगप्पा मोठे होते, तरी व्याह्यानं व्याह्याच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही. बसलिंगप्पा गडबडून उठले. "बीगरु, हे काय! हे काय करायलाव!" बीगरु म्हणजे व्याही. त्यांचा आवाज ओला झाला होता. अप्पा म्हणाले, "आमचं चुकलं. बोलावणं परत गेलं. लेकरू तुमचं, लेकही तुमची. पदरात घ्या." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बसलिंगप्पांनी त्यांना धरून गादीवर शेजारी बसवलं. चिगप्पांनी ती वेळ साधली आणि पोतं सोडलं.

सोनेरी पट्टीवर दारातलं ऊन पडलं. बसलिंगप्पा पुढे वाकले. "झकास! काच तर जशी न्हाईच म्हणायची. कोण हो हे?" चिगप्पांना हेच हवं होतं. ते म्हणाले, "लई जुन्या काळचे राजे. मोठी लढाई झाली, आणि मग हा तह. बघा, एकाच्याबी हातात हत्यार न्हाई. दोन घरं एक झाली." बसलिंगप्पा मान डोलवत होते. ते म्हणाले, "समोरच्या भिंतीला लावू. इरप्पा, खिळा बघ रे."

इरप्पा उठला नाही. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तह म्हणता. मग यात उभा कोण आन् गुडघ्यावर कोण?"

चिगप्पा हसले. "आता राजेलोकांचं ते—"

"न्हाई, विचारतो. यातले आमी कोण?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते त्या चित्राकडे असे बघत होते जसं ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. चिगप्पांनी पटकन म्हटलं, "उभे ते तुमी. आमी मुलीकडचे, आमी गुडघ्यावर. त्यात काय!"

"बरं," इरप्पा म्हणाला. त्यानं मल्लूला खाली ठेवलं नाही, तसाच कडेवर घेऊन उठला, जवळ आला आणि काचेवर बोट ठेवलं. "मग हे पोर?"

अप्पा म्हणाले, "ते आईचं हाय."

"आईजवळ हाय. गुडघ्यावर बसलेल्या बाईजवळ. म्हणजे तुमच्या बाजूला." तो आवाज चढवून बोलत नव्हता. धान्याच्या नमुन्यात खडा दाखवावा तसा दाखवत होता. "बाबा, हे आपल्या भिंतीला लावायचं. उद्या चार माणसं येत्याल, विचारत्याल, आन् आपण सांगायचं की पोर तिकडचं हाय. हे तहाचं चित्र न्हाई. ही नोटीस हाय, सोनेरी पट्टीतली."

बसलिंगप्पा चित्राकडे बघत राहिले, मग इरप्पाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा ओलेपणा कसा कमी होत गेला ते मी पाहिलं. त्यांनी उपरणं नीट केलं. अप्पा म्हणाले, "तसं मनातबी न्हाई, चित्र आमचं न्हाई, लिलावातलं हाय, आमाला नावसुद्धा ठाऊक न्हाई त्याचं." हे सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. बसलिंगप्पा म्हणाले, "इरप्पा म्हणतो तेबी खोटं न्हाई की." आणि मग, "घरातलं त्योच बघतो आता."

तेव्हा अक्का बोलली. सुनेनं बैठकीतल्या पुरुषांशी बोलायचं नसतं, ती उंबऱ्याच्या आतूनच बोलली. "मला ठेवा हितं. पोर जाऊबाईंजवळच असू द्या, मी मागणार न्हाई. भांडी घाशीन, दळीन. दिसला तरी पुरं." शिवरुद्र बाहेर पोत्यांपाशी उभा होता. त्याला ऐकू गेलं असणार. महादेवीनं तिच्याकडे पाहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊन महादेवीला मूल नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं. सोलापुरात बसून मानापमानाचा विचार करताना ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला ते त्या क्षणी कळलं, आणि अप्पांनाही कळलं असावं, कारण ते वळून प्रथमच इरप्पाकडे बघायला लागले. तोपर्यंत पाया पडून झालं होतं.

इरप्पा म्हणाला, "बाबा, मोटार चुकंल यांची."

त्यांनी आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. हुग्गी वाढली. महादेवीनं निघताना अक्काला कुंकू लावलं, खण आणि नारळ देऊन ओटी भरली, अगदी रीतीनं, जशी परगावच्या पाहुणीची भरतात तशी. खणाची घडी तिनं दोनदा मोडून पुन्हा घातली हे मला लिहिलं पाहिजे. इरप्पानं तसबीर स्वतः पोत्यात गुंडाळली, सुतळीच्या गाठी चोख मारल्या, आणि चिगप्पांच्या हातात देताना म्हणाला, "काच सांभाळा." मल्लू झोपला होता. डाव्या कुशीवर.

परतीच्या मोटारीत तसबीर अक्काच्या मांडीवर होती. चिगप्पा एकदा म्हणाले, "मी 'तुमी उभे' म्हणालो न्हसतो तर..." अप्पा म्हणाले, "होगली बिडू." जाऊ दे, सोड. त्यानंतर आमच्या घरात त्या दिवसाबद्दल चिगप्पा बोलले नाहीत, आणि गिऱ्हाइकांना कथा सांगणंही हळूहळू बंद झालं. खिळे ठोकण्याचा नुसता आवाज यायचा. शिवरुद्रचं दुसरं लग्न झाल्याचं आम्हाला इतरांकडून कळलं. अव्वानं अक्काची उशी सोडून पुन्हा जागेवर ठेवली.

अक्का दुकानात बसायला लागली. आधी काच पुसायची, मग पुठ्ठा कापायची, मग कोनही. पेठेत बाईनं दुकानात बसणं नवं होतं. लोक काही दिवस बोलले, मग तसबिरी घ्यायला लागले. 'तह' पुन्हा मागच्या भिंतीवर गेला, त्या सोनेरी पट्टीसकट, आणि त्या खोलीत तो शोभत नसे. अप्पांनी पायाखालची अक्षरं कापायचा नियम सोडला नाही. फक्त परमुलखातलं नवं चित्र पुन्हा कधी विकत आणलं नाही.

मल्लूला मी नंतर एकदाच पाहिलं, गड्ड्यावर. तो शाळेत जाण्याएवढा झाला होता, डोक्यावर जरीची टोपी. महादेवीचा हात धरून तो आमच्या पालापुढे आला. महादेवीला पाल कुणाचं ते आधी कळलं नाही, कळलं तेव्हा ती जागीच उभी राहिली. मुलाचं लक्ष नव्हतं. त्या वर्षी अप्पांनी हत्तीघोडा विकायला काढला होता, त्याच्यापुढे तो उभा राहिला आणि म्हणाला, "अव्वा, हे घे की." अक्का आत बसली होती. तिनं उठून ते चित्र खाली काढलं, कागदात गुंडाळलं, कोपऱ्यांना पेंढा लावला. महादेवीनं पदराची गाठ सोडायला घेतली, अक्कानं मान हलवून नको म्हटलं. मुलाच्या दोन्ही हातांत चित्र देताना ती म्हणाली, "काच हाय. हळू धर." तो म्हणाला, "व्हय." बापासारखं. दोघं गर्दीत गेली. घरात लढाई टांगू नये, हे महादेवीला ठाऊक असणारच. तिनं ते चित्र घरी लावलं की वाटेत कुणाला दिलं, हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता.

मी पुढे पुण्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत लागले आणि तिथेच आयुष्य गेलं. माझ्या कामाचा बराच भाग छायाचित्रांखाली ओळी लिहिण्याचा होता. डावीकडून कोण, उजवीकडून कोण, कोण कुणाला भेटले. त्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागे. अशाच एका कामासाठी कचेरीच्या ग्रंथालयातलं जुन्या चित्रांचं एक जाड इंग्रजी पुस्तक चाळताना तो पट्ट्यांचा तंबू समोर आला. खाली नाव होतं, आणि मजकूरही. तह नव्हता. लढाईत हरून पळालेल्या बादशहाची आई, बायको आणि मुलगा जेत्याच्या हाती लागले होते. म्हातारी उंच, देखण्या, लाल झग्यातल्या माणसाला राजा समजून त्याच्या पाया पडली. तो राजा नव्हता, राजाचा मित्र होता. राजा शेजारचा, बुटका, साध्या पोशाखातला. मी ते पान दोनदा वाचलं आणि हातातलं काम पुरं केलं.

त्या वर्षी सोलापूरला गेले तेव्हा अक्काला सांगितलं. अप्पा नव्हते, चिगप्पा नव्हते. दुकान ती एकटी चालवत होती आणि दुपारी परसात शेंगा फोडत बसायची. मी पुस्तकात होतं तसं सांगितलं, माझं काही न घालता. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाया कुणाच्या पडले, राजा कोण निघाला, यात तिला फार रस दिसला नाही. तिनं विचारलं, "आन् ते पोर?"

"राजानं त्याला उचलून घेतलं, असं लिहिलंय. पोर भ्यालं नाही. राजाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले."

"मग?"

"पुढं त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

अक्कानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, सालं बाजूला. "आई तितंच बसली व्हती का तवा?"

"हो," मी म्हणाले. "चित्रात आहे तशीच."

"बरं," अक्का म्हणाली, आणि सूप पुढे ओढलं.